पंचनाम्याहून आलेले अण्णा

परवा आमच्या हॉस्पिटलात ‘श्वार्ट्झ राउंड’ झाला. नाव ऐकून तपासणीबिपासणी वाटेल, पण तसं काही नाही. तासभर सगळे जमतात, आधी फुकटचं जेवण (गर्दी त्यामुळेच, असं माझं मत), मग तिघंचौघं कामात जीव कुठे अडकला ते सांगतात. उपाय सुचवायचा नाही, नुसतं ऐकायचं. बोस्टनचे केनेथ श्वार्ट्झ नावाचे वकील १९९५ मध्ये कॅन्सरनं गेले. आजारपणात नर्स-डॉक्टरांनी लावलेली माया ते विसरले नाहीत. त्यांच्या नावानं हे चालतं, इथे ब्रिटनमध्ये २००९ पासून.

या वेळी पाळी माझी. मी वॉर्ड मॅनेजर. सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे पैसा वरून ठरतो, माणसं वरून मिळतात, शिव्या मात्र दोन्हीकडून. त्याच आठवड्यात मी एका केरळच्या नर्सची रजा नाकारली होती. तिच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. रोस्टरवर त्या रात्री दोघीच. ‘ओके सिस्टर’ म्हणाली आणि सलाइन बदलायला निघून गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

हे बोलताना आमचे अण्णा आठवले. महसुलात नायब तहसीलदार. जूनच्या वादळात रावेरकडे केळी आडवी झाली की पंचनामे. तेव्हा निम्मं पीक गेलं तरच मदत. ३३ टक्क्यांची अट २०१५ नंतरची. आडव्या बागेत उभ्या माणसाला ‘चाळीसच बसतंय’ हे सांगायचं काम अण्णांचं. घरी आले की ओट्यावर बसून बुटाच्या शिवणीतला चिखल काडीनं काढत राहायचे. शेवभाजी गार व्हायची. आजी विचारायची, ‘काय व्हयनं रे भाऊ?’

‘काई नही, माय.’

आम्ही त्यांना तुसडे समजायचो. खानदेशात साहेबानं कोरडंच दिसायचं असतं.

रविवारी फोनवर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, ‘मग त्या पोरीची रजा?’

‘नाहीच देता आली.’ राउंडनं रोस्टर वाढत नाही.

बराच वेळ पलीकडे नुसता पंखा ऐकू येत होता. मग म्हणाले, ‘चिनावलला एक म्हातारा होता. त्याला नाही म्हटलं, तर त्यानं पडलेल्या झाडाची फणी तोडून जीपमध्ये ठेवली. घरी नाही आणली मी ती. रस्त्यात एका पोराला देऊन टाकली.’