भिंतीवरची खडूची खूण

गेल्या हिवाळ्यात सोलापुरातल्या एका प्रकाशझोतातील कबड्डी स्पर्धेत आमच्या मुलांना उपान्त्य सामना संपल्यावर अवघ्या 50 मिनिटांत अंतिम सामन्याला उतरावे लागले. संयोजकांना पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस समारंभ उरकायचा होता, त्यामुळे आमची तक्रार कोणाच्या कानी गेली नाही.

'दम आहे, सर,' असे सगळेच म्हणाले आणि त्यात खोटे काही नव्हते. सायंकाळी मी मुलांना बोटांना खडू लावून भिंतीशी उभ्याने उडी मारायला लावली होती. अंतिम सामन्याआधी पुन्हा लावली, तेव्हा डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या मुलाची खूण पहिल्या खुणेच्या चार बोटे खाली उमटली. त्याला बसवायला हवे होते. मी बसवले नाही. दुसऱ्या सत्रात त्याने चढाईपटूचा घोटा धरला खरा, पण किंचित उशिरा, आणि समोरचा त्याला ओढत मध्यरेषेला हात लावून गेला.

श्वास काही मिनिटांत जागेवर येतो आणि झटक्याच्या हालचालींना लागणारा क्रिएटिन फॉस्फेटचा साठाही तेवढ्याच वेळात बहुतांशी भरतो. परंतु स्नायूंतले ग्लायकोजेन, म्हणजे तिथे साठवलेली साखर, बरेचसे खर्ची पडले असेल, तर ते पूर्ववत व्हायला व्यवस्थित खाऊनपिऊनही साधारण एक दिवस लागतो. शिवाय धावता धावता एकदम थांबताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यामुळे त्याच्या तंतूंना बारीक इजा होतात. (दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचे खापर आपल्याकडे अजूनही लॅक्टिक आम्लावर फोडले जाते, ते बिचारे तासाभरात निघून गेलेले असते.)

2010 च्या विम्बल्डनमध्ये जॉन इस्नरने निकोलस माहूला तीन दिवस चाललेल्या 11 तास 5 मिनिटांच्या सामन्यात हरवले, त्यात 113 बिनतोड सर्व्हिस केल्या, आणि दुसऱ्याच दिवशी थिमो डी बाकरविरुद्ध त्याला तशी एकही सर्व्हिस साधली नाही.

त्या 50 मिनिटांत कोणाच्या तरी घरून प्रेमाने कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली. एरवी मी या चटणीवर जीव टाकतो, पण दोन सामन्यांच्या मध्ये एवढे तेल आणि शेंगदाणे पोटात नुसते बसून राहतात. केळी आणि मीठ-साखरेचे लिंबू सरबत पुरले असते.

पुढच्या स्पर्धेत खूण पुन्हा खाली आली, तेव्हा मी त्या मुलाऐवजी राखीव खेळाडू उतरवला. तो सामनाही आम्ही दोन गुणांनी हरलो, आणि मुलाचे वडील अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.