चारात चार

८ फेब्रुवारी २०२३. तुर्कस्तानातल्या भूकंपाला दोन दिवस झालेले. मृतांचा आकडा तासातासाला वाढत होता, मथळा आम्ही पुन्हा पुन्हा बदलत होतो. त्यात लातूरच्या आमच्या डेस्कवर हुकूम आला : पान एकला चौकट पाहिजे, 'ग्रहांनी आधीच सांगितलं होतं!'

फ्रँक हूगरबीट्स हा डच गृहस्थ ग्रहांच्या स्थितीवरून भूकंपाचे अंदाज बांधतो. त्या टापूत साधारण ७.५ चा भूकंप होणार, हे त्याचं ३ तारखेचं ट्वीट एव्हाना सगळ्यांच्या फोनवर पोचलं होतं. त्याची सुरुवात 'आज ना उद्या' अशी होती, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

माझंही नव्हतं. मी जुनी पंचांगं काढून बसले. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६ : गणपती बोळवून लोक झोपलेले, आणि त्याच दिवशी पौर्णिमा. त्सुनामीचा दिवस, २६ डिसेंबर २००४ : मार्गशीर्ष पौर्णिमा. भूज : मौनी अमावास्येनंतर दोन दिवसांनी. तुर्कस्तान : माघी पौर्णिमेची दुसरी पहाट. चारात चार! अंगावर काटा आला. निम्मी चौकट लिहूनही झाली.

तेवढ्यात औश्याकडच्या एका बाईंचा फोन. "ताई, पुनव तर गेली. आता अवसेला लेकरं घेऊन अंगणात झोपावं का?"

काय सांगणार? म्हटलं, थोड्या वेळाने फोन करते. आणि भूगर्भशास्त्राच्या आमच्या जुन्या सरांना गाठलं. ते आधी पोटभर हसले. १९६२च्या अष्टग्रहीत, आठ ग्रह एका राशीत आले म्हणून प्रलय होणार या भीतीने, गावोगाव होम झाले, तेव्हा ते शाळेत होते; प्रसाद मिळाला, प्रलय राहिला. मग म्हणाले, "कोयनेच्या भूकंपाची तिथी काढलीस?"

नव्हती काढली. ११ डिसेंबर १९६७, पौर्णिमेला अजून पाच-सहा दिवस. नेपाळ २०१५, जपान २०११ : दोन्ही वेळा चंद्र अर्धा. "पुनव-अवस धरून मागचेपुढचे दोन-दोन दिवस घेतलेस की महिन्यातले दहा दिवस झाले. तिसरा भूकंप आपोआप बसतो त्यात. सातच्या वरचे वर्षाला पंधराएक होतात, मोज." चंद्राची ओढ खोटी नाही, जमीनही तिने रोज वीतभर वरखाली होते. ताणाच्या टोकाला आलेल्या खडकाला तिचा किंचित धक्का लागत असेलही, असं म्हणणारे संशोधक आहेत. पण भूकंपात मोकळा होणारा ताण तिने पडणाऱ्या ताणाच्या शेकडो पट. जमीन अशी वरखाली करणारी गुरू ग्रहाची ओढ तर चंद्राच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी. आणि या माघी पौर्णिमेला चंद्र पृथ्वीपासून लांबच्या टोकाला होता!

बाईंना फोन लावला. तारखेबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून विचारलं, "घर कसलं आहे?"

"पुढं पत्रा. मागची खोली जुनी, दगडमातीची, वर माळवद. सासूबाई झोपतात तिथं."

किल्लारीत माणसं याच माळवदांखाली, मातीच्या जड छपरांखाली गेली. "त्यांना आजच पुढच्या खोलीत घ्या," म्हटलं. "अवसेची वाट बघू नका."

चौकट गेली, पण माळवदाच्या घरांवर. वरिष्ठ चार दिवस नीट बोलले नाहीत.

२० तारखेला तुर्कस्तानात पुन्हा ६.३ चा धक्का बसला. शेजारच्या सहकाऱ्याने काही न बोलता भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं : अमावास्या. मधल्या दोन आठवड्यांत तिथे हजारो धक्के बसले होते. पंचांग त्याच्यापुढे सरकवलं, म्हटलं, "त्यांच्याही तिथ्या काढ."