सिक्युअर बूट चालू होईना: माझा अनुभव

विंडोज १० चे मोफत सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, म्हणून परभणीच्या घरातला डेस्कटॉप ११ वर न्यायचा होता. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा, म्हणजे चालणारा. ११ ला लागणारा टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, 'पीटीटी' नावाने बंद होता (एएमडीवर 'एफटीपीएम' शोधा), तो चालू केला. अडलं सिक्युअर बूटपाशी, म्हणजे संगणक सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीपाशी.

'एमएसइन्फो३२' (विंडोजची सिस्टिम माहिती) उघडून बायोस मोड बघा. तिथे 'लेगसी' (सुरू होण्याची जुनी पद्धत) असेल तर सिक्युअर बूट चालूच होत नाही, आधी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआरची नवी जीपीटी करावी लागते. विंडोजमध्येच त्यासाठी 'एमबीआर२जीपीटी' आहे, डेटा न पुसता काम करतं. पण आधी 'व्हॅलिडेट' (नुसती तपासणी) लावलं की एकच उत्तर: डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड. कारण सांगत नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

कारण आपल्याकडच्या सवयीत आहे. विंडोज टाकून देताना सी, डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडून देतात. एमबीआरमध्ये चौथ्या जागी एक्स्टेंडेड पार्टिशन येतं आणि पुढचे ड्राइव्ह त्याच्या पोटात लॉजिकल होतात. या टूलला जास्तीत जास्त तीन प्रायमरी (स्वतंत्र) पार्टिशन चालतात, एक्स्टेंडेड एकही नाही. सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी आणि रिकव्हरी मिळूनच तीन भरतात, म्हणजे डी सुद्धा हलवावा लागतो.

सगळा डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, दोन-चार फाइल उघडून बघा, मगच डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते ड्राइव्ह डिलीट करा. नेमकं इथेच फसगत होते: ड्राइव्ह गेले तरी हिरव्या चौकटीत 'फ्री स्पेस' उरते. ते रिकामं एक्स्टेंडेड पार्टिशनच असतं आणि व्हॅलिडेट पुन्हा नापास होतं. त्यावरही राइट क्लिक करून डिलीट करा. वरची पट्टी काळी होऊन 'अनअलोकेटेड' दिसलं की जमलं. डी, ई नंतर पुन्हा पाडता येतात.

ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून 'डिस्क ०' वर, 'अलाउफुलओएस' जोडून, आधी व्हॅलिडेट आणि मग कन्व्हर्ट. काम काही मिनिटांचं, पण मध्येच लाइट गेली तर डिस्क अर्धवट राहते. यूपीएसशिवाय हात लावूच नका. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधीच तो सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

रिस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा: सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद, बूट मोड यूईएफआय (नवी पद्धत), पहिल्या क्रमांकावर विंडोज बूट मॅनेजर, शेवटी सिक्युअर बूट. जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळी राहू शकते. कार्ड काढून केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा.

११ चालू झालं की पोरांसाठी वेगळं स्टँडर्ड अकाउंट करा, ॲडमिन पासवर्ड आपल्याकडेच ठेवा.

आणि दुकानातून ॲक्टिव्हेटरने (परवान्याशिवाय विंडोज चालू करणाऱ्या टूलने) विंडोज चालू करून दिलं असेल तर डिफेंडर या विंडोजच्या अँटीव्हायरसच्या सेटिंगमधली 'एक्सक्लुजन्स' (तपासणीतून वगळलेल्यांची) यादी जरूर उघडा. असले ॲक्टिव्हेटर अनेकदा स्वतःचं फोल्डर तिथे घालून ठेवतात आणि त्याची तपासणी कधीच होत नाही. ती नोंद काढा आणि फुल स्कॅन लावा.