कार्ब नुसता धुऊन का देत नाही?

ऑक्टोबर लागला की तारकर्ली-देवबागकडून जेटस्कीवाल्यांचे फोन सुरू होतात. "स्की चालू होता, पण रेस दिली काय बंद पडता. कार्बवर फवारो मारलो की झाला, सगळा खोलूक कित्याक व्हया?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहितो, कारण फोनवर दर वर्षी हे अर्धवटच राहतं.

मी सांगतोय ते जुन्या टू-स्ट्रोक जेटस्कीबद्दल. यामाहाची एक्सएल ७०० घ्या: ७०१ सीसी, दोन सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला मिकुनी कंपनीचा वेगळा कार्ब, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटर. बाइकच्या कार्बवरून याचा अंदाज बांधू नका. बाइकच्या कार्बला खाली वाटी असते, वाटीत फ्लोट असतो. जेटस्की उडते, कलते, उलटते. तिथे वाटीतलं पेट्रोल जागेवर राहणारच नाही. म्हणून इथे वाटीऐवजी पातळ पडदे आहेत. क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीतला, दाबाचा ठोका एका बारीक नळीतून कार्बला पोचतो, त्या ठोक्यावर एक पडदा हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा इंजिनाच्या ओढीने आत दबतो, एका इवल्या तरफेवर टेकतो, तरफ नीडल, म्हणजे पेट्रोलची वाट बंद करणारी सुई, उचलते आणि तेवढंच पेट्रोल आत सुटतं.

आता फवारा कुठे लागतो? कार्बच्या तोंडाला आणि बटरफ्लायला, म्हणजे आतल्या हवेच्या झडपेला. घाण असते आत, पेट्रोल ओढणाऱ्या पडद्याच्या, म्हणजे कार्बमधल्या पंपाच्या झाकणामागच्या नखाएवढ्या जाळीत. नव्वदच्या दशकातल्या काही गाड्यांमध्ये करड्या रंगाच्या पेट्रोलनळ्या आहेत. त्या आतून विरघळतात आणि हिरवट चिकटा जाळीवर येऊन बसतो. अशा नळ्या बदलल्याशिवाय मी कार्बला हातच लावत नाही, कारण पंधरा दिवसांत जाळी पुन्हा भरणार. शिवाय तोच जहाल फवारा आतल्या रबराला लागला तर रबर फुगतं.

त्यात आपला पावसाळा. मे अखेरीस वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, गाड्या ताडपत्रीखाली जातात आणि टाकीत पेट्रोल तसंच राहतं. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि मालवणच्या पावसाळी हवेत पाण्याला काय तोटा? ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं आणि पहिल्या दिवशी तेच कार्बमध्ये येतं.

मी खोलायचा आग्रह धरतो तो एका पिस्टनमुळे. दोन वर्षांपूर्वी एक गाडी आली. कुणीतरी फवारा मारून दिला होता, शनिवार-रविवार छान चालली आणि सोमवारी जाम झाली. हेड काढलं तर एक पिस्टन नव्यासारखा आणि दुसरा एक्झॉस्टच्या बाजूने खरवडलेला, रिंगा खाचांत चिकटलेल्या. त्या बाजूच्या कार्बची जाळी अर्धी बंद होती. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की सिलिंडर तापतो, आणि टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं मिश्रणच पिस्टनला थंड ठेवत असतं. दुसरा सिलिंडर जोर लावत राहतो, त्यामुळे चालवणाऱ्याला कळतही नाही.

खोलणं हे सबुरीचं काम आहे. बसायची सीट काढून हलमधली, म्हणजे गाडीच्या पोकळ धडातली, पेट्रोलची वाफ आधी बाहेर जाऊ द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. पेट्रोल, रिटर्न, पल्स (दाबाच्या ठोक्याची नळी), ऑइल, चोक, अॅक्सिलरेटर या प्रत्येकाच्या जोडणीचा फोटो काढा. कार्ब निघाला की मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बमधून इंजिनात जाणाऱ्या वाटेच्या, तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. तिथून एक वॉशर आत पडला तर इंजिनच उतरवावं लागतं. स्क्रू जपानी घाटाचे असतात. साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर त्यांत निसटतो आणि डोकं खातो, आणि खाऱ्या पाण्याने धरलेला स्क्रू दुसरी संधी देत नाही. लो आणि हायचे, म्हणजे कमी आणि जास्त रेसचं पेट्रोल ठरवणारे, स्क्रू काढण्याआधी घट्ट बसेपर्यंत किती फेरे जातात ते मोजून लिहून ठेवा.

जुनी नीडल मी गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो. टोकाशी नख फिरवलं की बारीक कडं लागतं. त्या कड्यातून पेट्रोल झिरपतं. नीडल, ती टेकते ती बैठक (सीट), पडदे, पॅकिंग, पंपाचे व्हॉल्व्ह सगळं नवं टाकतो आणि किट मिकुनीचीच घेतो. स्वस्त किटमधली ओ-रिंग पेट्रोलमध्ये फुगलेली मी पाहिली आहे.

मग माझ्या आवडीचं काम. पेट्रोलच्या तोंडाला गेजवाला हातपंप लावायचा, नीडलवर थोडं तेल सोडायचं आणि दाब वाढवत न्यायचा. काटा चढतो, चढतो आणि एका ठरलेल्या दाबाला टक्‌ करून नीडल उघडते, तेल उडतं. तो आकडा मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळला पाहिजे आणि दोन्ही कार्बचा सारखा आला पाहिजे. मग दाब १० पीएसआयवर आणून सोडून द्यायचा. काटा मिनिटभर हलला नाही तर सीट धरते. हे फवाऱ्याने कसं कळणार?

बसवताना ऑइलच्या नळीत हवा राहू देऊ नका. मी पहिल्या टाकीच्या पेट्रोलमध्येही ५०:१ (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग) ऑइल मिसळतो. ऑइल पंपातली हवा पूर्ण निघाली नसली तरी पिस्टन कोरडा राहत नाही. जमिनीवर चालू करताना आधी इंजिन, मग पाण्याचा पाइप. बंद करताना आधी पाणी, थोडी रेस देऊन आतलं पाणी उडवायचं आणि लगेच इंजिन. हा क्रम उलटा केलात तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये जातं.

म्हणून मला दोन दिवस लागतात, आणि तेवढे मी मागणारच. गाडी नेलीत की पहिली टाकी संपेपर्यंत पूर्ण रेस देऊ नका. टाकी संपली की परत घेऊन या; दोन्ही स्पार्क प्लग काढून, दोन्ही सिलिंडरना पेट्रोल सारखं मिळतंय का, ते मला त्यांच्या रंगावरून बघायचं आहे.