नव्या लॉटची उभी रेघ

माझ्या ०.२२ मॅच रायफलच्या काडतुसांच्या जुन्या लॉटची, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या साठ्याची, शेवटची खोकी संपत आल्याचे मागील नोंदीत लिहिले होते. त्याच कंपनीचा, त्याच श्रेणीचा आणि खोक्यावर जवळपास तोच वेग छापलेला नवा लॉट मागवल्याचेही कळवले होते. तो लॉट हाती आला, रेस्टवरून, म्हणजे रायफल आधारावर टेकवून, झाडून पाहिला, आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या पडद्यावर गोल ग्रुपऐवजी, म्हणजे गोळ्यांच्या पुंजक्याऐवजी, सरळ उभी रेघ उमटली. आडवी पसरण पूर्वीप्रमाणेच आठ मिलिमीटरच्या आत होती. उंची मात्र केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजल्यास सतरा मिलिमीटर भरत होती. जुन्या लॉटमध्ये हीच उंची नऊच्या आसपास असे. ५० मीटरवर दशांश गुणांकनात एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर, आणि गोळीचे केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटरच्या पलीकडे गेले की १०.० हातचा जातो, हे आपल्याला सांगायला नको. रेघेच्या दोन्ही टोकांच्या गोळ्या ९.९ दाखवत होत्या, आणि त्यात नेमबाजाचा काहीही सहभाग नव्हता.

रेंजवरील एका ज्येष्ठ सरांनी पडदा पाहिला आणि एवढेच म्हटले, "गोळीला शिव्या घालण्याआधी स्क्रू तपास." त्यांचा सल्ला शिरसावंद्य मानून ॲक्शन (रायफलची यंत्रणा) दस्त्याला जखडणारे दोन्ही स्क्रू टॉर्क पान्याने ५ न्यूटन मीटरवर पुन्हा बसवले, पीप साइटची (मागच्या, बारीक भोकातून नेम धरण्याच्या साधनाची) पट्टी हलत नाही ना ते पाहिले, आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, पुढे काजळीचे कडे साचले आहे का हे बॅरलच्या आत पाहण्याच्या बोअरस्कोपने तपासले. कडे नव्हते. गोळीवरचे वंगण बदलल्यावर बॅरलला नव्या गोळीची सवय होईपर्यंत बऱ्याच गोळ्या झाडाव्या लागतात, म्हणून तेवढ्या झाडून झाल्यावरच पुन्हा ग्रुप घेतले. रेघ तशीच राहिली. स्वस्तातला बोअरस्कोप मात्र या निमित्ताने पैसे वसूल करून गेला, कारण चेंबरच्या तोंडाशी नेमके काय आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावर उगाच ब्रश मारत बसण्याचा मोह टळतो.

उरला वेग. उभी पसरण दिसली की बहुतेक जण वेगातील चढउताराला दोष देऊन मोकळे होतात, म्हणून आधी कागदावर हिशेब मांडला. आपली ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी ३२७ मीटर प्रति सेकंद वेगाने निघाली, तर ५० मीटर जायला तिला ०.१६ सेकंदांपेक्षा किंचित कमी वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात ती साधारण १२ सेंटिमीटर खाली येते. ही घसरण वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्यामुळे वेगात एक मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला, तर टार्गेटवर पाऊण मिलिमीटरचा फरक दिसायला हवा. म्हणजे सतरा मिलिमीटरची उंची केवळ वेगामुळे येत असेल, तर लॉटमधील सर्वांत जलद आणि सर्वांत मंद गोळीत वीस मीटर प्रति सेकंदाहून अधिक फरक असला पाहिजे. इतका ढिसाळपणा या श्रेणीच्या काडतुसात असेल यावर माझा विश्वास बसेना.

गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ एका मित्राकडून मागून आणला. इथे एक सूचना करावीशी वाटते, की ट्यूबलाइटखाली प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ वापरण्याच्या फंदात पडू नये, कारण दिव्यांच्या लुकलुकीमुळे तो मधूनच अशक्य आकडे दाखवतो. आणि आवाजावर सुरू होणारा रडार क्रोनोग्राफ शेजारच्या लेनमधील गोळीलाही आपलीच समजतो. आम्ही लेन रिकाम्या असताना रडार लावला. नव्या लॉटमधील कमाल आणि किमान वेगातला फरक नऊ मीटर प्रति सेकंद निघाला. जुन्या लॉटची राखून ठेवलेली काडतुसे त्याच बैठकीत झाडली, तर त्यांचाही फरक जवळपास तेवढाच आला. हिशेबानुसार दोन्ही लॉटमध्ये वेगामुळे सुमारे सात मिलिमीटरची उंची दिसायला हवी होती. जुना लॉट एकूण नऊवर थांबत होता आणि नवा सतरावर जात होता. वेग तोच, वेगाची पसरण तीच, तरीही टार्गेटवरचा परिणाम दुप्पट.

या टप्प्यावर काही काळ मी पुरता हैराण झालो होतो. कोडे सुटले ते प्रत्येक गोळीचा वेग आणि तिची पडद्यावरील उंची एकाच आलेखावर मांडल्यानंतर. आजवर मी वेगाची सरासरी आणि ग्रुपची उंची या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहून ठेवत असे. जोडीने मांडण्याची गरज कधी भासली नव्हती. जुन्या लॉटचे ठिपके आलेखावर आडवे पसरले होते, म्हणजे मंद गोळी आणि जलद गोळी जवळपास एकाच उंचीवर लागत होत्या. गुरुत्वाकर्षणाने मंद गोळी खाली ओढली जायला हवी होती, पण तसे दिसत नव्हते. नव्या लॉटचे ठिपके मात्र तिरक्या रेषेत चढत होते, आणि तो चढही पाऊण मिलिमीटरचा नव्हे, तर एका मीटरमागे पावणेदोन मिलिमीटरहून अधिक होता. मंद गोळी अपेक्षेपेक्षाही खाली जात होती.

याचे उत्तर बॅरलच्या कंपनात आहे. काडतूस पेटल्यापासून गोळी बॅरलच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत अडीच मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो आणि तेवढ्यात बॅरलचे टोक वर-खाली हलत असते. टोक वर जात असताना गोळ्या बाहेर पडत असतील, तर मंद गोळी किंचित उशिरा निघते, तिला किंचित वरचा कोन मिळतो आणि तिची जादा घसरण भरून निघते. टोक खाली येत असताना गोळ्या निघाल्या, तर हाच हिशेब उलटा होतो आणि घसरणीत भर पडते. जुन्या लॉटची आणि माझ्या बॅरलची वेळ जुळलेली होती. नव्या लॉटची सरासरी गती तीच असली, तरी त्याचा दाब चढण्याचा क्रम वेगळा असावा आणि त्यामुळे गोळ्या कंपनाच्या चुकीच्या अर्धात बाहेर पडत असाव्यात. खोक्यावर छापलेल्या वेगावरून लॉट निवडण्याची आपल्यातील प्रथा, माझ्या मते, यामुळे बरीच लंगडी ठरते. तो आकडा गोळी किती वेगाने निघाली ते सांगतो, ती कोणत्या क्षणी निघाली ते सांगत नाही.

मग लॉट परत करण्याऐवजी बॅरलचे कंपनच बदलून पाहावे असे ठरले, अर्थात स्वस्तात. बॅरलवर सरकवता येणारे शंभर ग्रॅमचे वजन घेतले आणि ते फोरसाइटच्या (पुढच्या नेमाच्या साधनाच्या) मागे, बॅरलच्या तोंडाच्या दिशेने पाच-पाच मिलिमीटर सरकवत प्रत्येक ठिकाणी दहा गोळ्यांचे ग्रुप घेतले, वेगासह. सुरुवातीच्या जागांवर काहीच फरक दिसला नाही. वजन तोंडाच्या जवळ जाऊ लागले तसा आलेखाचा चढ कमी होत गेला, आणि एका जागी तो जवळपास सपाट झाला. तिथे उंची दहा मिलिमीटरवर आली. वेगाची पसरण अजूनही नऊ मीटरच होती, आणि मंद गोळ्या जलद गोळ्यांच्या शेजारी निमूटपणे जाऊन बसत होत्या. तो कागद मी छापून घेतला आहे. त्या जागेच्या पुढे वजन नेले की चढ पुन्हा परत येतो, म्हणून जागा योगायोगाने सापडलेली नाही याची खात्री वाटते.

पाच गोळ्यांच्या ग्रुपवरून यातले काहीही कळले नसते. पाच गोळ्यांत जलद आणि मंद टोके एकत्र येतीलच असे नाही, आणि सुंदर दिसणारा पाचाचा ग्रुप पाहून आपल्यापैकी कित्येकांनी अख्खा क्रेट मागवला आहे. काडतुसांच्या कडेची जाडी गेजने मोजून गट पाडण्याचा उपद्व्यापही मी याच काळात करून पाहिला. स्वस्त सरावाच्या काडतुसांना त्याचा थोडा उपयोग होत असेल. मॅच श्रेणीच्या काडतुसांत जाडीचे गट आणि टार्गेटवरील उंची यांचा मला काहीच संबंध आढळला नाही. काडतूस वजन करून निवडणे तर त्याहून निरर्थक, कारण काडतुसाची नळी (केस), बारूद आणि गोळी यांपैकी नेमके काय कमीजास्त आहे हे तराजू सांगत नाही.

गावी वडिलोपार्जित ०.३१५ रायफल असलेल्या एका मित्राने हे सारे ऐकून विचारले, की एवढ्या बारकाव्याऐवजी "जास्त दमदार" काडतूस का घेत नाही. शिकारीच्या काडतुसाची निवड खरोखरच वेगळ्या मापांनी होत असे: दोनशे-तीनशे मीटरपर्यंत मार्ग किती सपाट राहतो, गोळी कशी फुलते, हजारो जूल ऊर्जेपैकी किती शिल्लक उरते. १९०६ सालचे ०.३०-०६ काडतूस याच मापांवर आजही जगभर टिकून आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती चर्चा कागदावरच राहिली, आणि आमच्या १४० जूलच्या गोळीने कागदाला भोक पाडले की तिचे काम संपते. तिच्याकडून हवे आहे ते फक्त सातत्य.

रेस्टवरचा आनंद प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून झाडताना, थोडा ओसरला. स्लिंग (दंडाला बांधायचा रायफलचा पट्टा) आवळून खांद्यावरून झाडल्यावर त्याच जागी उंची बारा-तेरा भरते. अपेक्षेपेक्षा फार वाईट नाही, पण आलेख पुन्हा किंचित तिरका झाला आहे, आणि यावरून रायफल शिकंज्यात धरून घेतलेल्या चाचणीविषयी मला शंका येऊ लागली आहे. जर्मनीतील शोनेबेक येथे लापुआ या काडतूस कंपनीच्या चाचणी केंद्रात रायफल घट्ट पकडून लॉट तपासतात आणि ती सोय उत्तमच आहे. परंतु रायफल कशी धरली आहे यावर कंपन बदलत असेल, तर तिथे पहिला आलेला लॉट खांद्यावर पहिला येईलच असे नाही. थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर (नीलिंग), पालथे आणि उभे असे तीन पवित्र्यांत, खेळणाऱ्यांचा प्रश्न तर तिप्पट होतो. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळे यांना या प्रकारात कांस्यपदक मिळाल्यापासून आमच्या रेंजवर नीलिंगचे रोल (घोट्याखाली ठेवायच्या गोल उशा) घेऊन येणारी मुले वाढली आहेत. त्यांपैकी एकाला नीलिंगमध्ये वेगासह ग्रुप देण्याची गळ घातली आहे.

मुंबईच्या हवेने या कामात आपला वाटा उचललाच. वातानुकूलित गाडीतून काडतुसे थेट दमट रेंजवर काढली की त्यांच्यावर पाण्याचा थर धरतो, म्हणून खोकी उघडण्याआधी बंदच तासभर रेंजवर ठेवतो. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की आडव्या एका मीटर प्रति सेकंदाला पाच-सहा मिलिमीटर सरक बसते, तेव्हा सगळ्या चाचण्या सकाळी उरकतो. यामुळे एक गोष्ट आता लिहिताना लक्षात येते आहे: माझे सगळे आकडे सकाळच्या तापमानाचे आहेत आणि स्पर्धेतील आमची पाळी बहुधा दुपारची असते. तापमानाने बारुदाचा दाब बदलत असेल, तर सकाळी सपाट केलेला आलेख दुपारी तिरका होऊ शकतो.

त्यामुळे उरलेला लॉट एकदम उचलण्याचा बेत बदलतो आहे. फोर्टमधील विक्रेत्याने वेगवेगळ्या तीन लॉटची एकेक खोकी द्यायचे कबूल केले आहे. त्याच्याकडे साठा मोजकाच असतो, पण लॉट क्रमांक विचारल्यावर तो वैतागत नाही, आणि एवढ्यासाठी मी त्याच्याकडे चार पैसे जास्त द्यायला तयार असतो. प्रत्येक लॉट खांद्यावरून, वजन आताच्या जागी ठेवून, सकाळी आणि दुपारी झाडणार आहे आणि ग्रुपच्या आकारापेक्षा आलेखाच्या चढावरून निवड करणार आहे. आपल्यापैकी कोणाकडे प्रत्येक गोळीचा वेग आणि उंची अशी जोडीने टिपलेली माहिती असेल, तर बॅरलची लांबी, तापमान आणि रायफल कशी धरली होती या तीन गोष्टींसह अवश्य कळवावी.