ऑटिझम असताना लॅबमध्ये कसं जमतं? तुम्ही विचारलंत म्हणून

"आमच्या मुलाला ऑटिझम आहे, त्याला केमिस्ट्री घेऊ द्यावी का, तुम्हाला लॅबमध्ये जमतं कसं?" दांडिया बाजारातल्या ओळखीच्या काकू भेटल्या की हेच विचारतात, फोनवर पण तेच, म्हणून एकदा नीट लिहिते.

घेऊ द्या. मलाही ऑटिझम आहे, मी इथे वडोदऱ्यात एका औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये (औषधाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात) आहे आणि लॅबचं काम मला कधीच जड गेलं नाही, कारण तिथे प्रत्येक गोष्टीची एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याची लेखी पद्धत असते, आणि नियमच असा की लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही. एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) पीक, म्हणजे एखाद्या घटकाचा आलेखावरचा उंचवटा, साधारण कितव्या मिनिटाला यायला हवा हे ठरलेलं, तो जरा सरकला की मला लगेच दिसतं, मग कॉलम (घटक वेगळे करणारी नळी), तिच्यातून जाणाऱ्या बफर द्रावणाचा पीएच, तापमान असं एकेक तपासत बसायला मला मनापासून आवडतं.

जड जातं ते बाकीचं. "जरा लवकर देऊन टाक ना" म्हणजे नक्की किती वाजता? आता मी सरळ वेळ विचारते, आमच्या मॅडम मेसेजवर लिहून देतात, एवढ्यानं माझं अर्धं टेन्शन गेलं. फ्यूम हूडचा (वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटाचा) सततचा आवाज आणि ट्रायएथिलअमाइन या रसायनाचा वास दिवसभर सोसला की संध्याकाळी घरात कुणाशी बोलवत नाही, आई समजून घेते.

कॉलेजमध्ये सगळ्यात वाईट व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. उत्तर येत असायचं, पण डोक्यात जुळेपर्यंत सर पुढच्या प्रश्नावर, आणि मार्क गेले ते केमिस्ट्रीचे नाही, वेगाचे गेले, याचा मला अजून राग येतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट असेल तर लेखी परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्त मागता येतात, ते सर्टिफिकेट आधीच काढून ठेवा. (माझ्या भावाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही, ते त्या कायद्याच्या यादीत वेगळं दिलेलंच नाही, हे मला फार चुकीचं वाटतं, त्याचा त्रास काही कमी नाहीये.)

आणि ॲडमिशनच्या आधी मुलाला लॅब दाखवून आणा, रिकामी नको, प्रॅक्टिकल चालू असताना, सगळे हूड चालू असताना. तिथल्या सरांना विचारा, व्हायवाचे प्रश्न कागदावर लिहून द्याल का? ते काय उत्तर देतात ते मुलालाही ऐकू द्या.