वापसी केळ्यांचं व्हिनेगर: आखाजीनंतरची (अक्षय्य तृतीयेनंतरची) नोंद

होळीनंतर लावलेली बरणी अजून चालू आहे. माल रावेरकडच्या ओळखीच्या बागेतला, वापसीचा, म्हणजे हलक्या प्रतीचा म्हणून वेगळा काढलेला. सालं काळी पडलेली, गर मात्र ऐन गोडीत.

पहिला टप्पा सरळ गेला. गर आणि तेवढंच पाणी उकळून गार केलं, बेकरीतलं कोरडं यीस्ट टाकलं. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, पण वजनाने जेमतेम निम्मं. बाकीची कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. गाळताना मात्र केळी अंत पाहतात. पेक्टिन या गरातल्या चिकट पदार्थामुळे फडक्यातून थेंब उतरत नाही. शेवटी ते तोडणारं पेक्टिनेज आणलं, तेव्हा रस सुटला. हे एन्झाइमही कारखान्यात अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीकडून करून घेतात, म्हणजे यीस्टच्या मदतीला बुरशी!

खरी लढाई दुसऱ्या टप्प्याची. अल्कोहोलचं आम्ल करणारे अ‍ॅसिटोबॅक्टर जीवाणू हवेशिवाय काम करत नाहीत, म्हणून रुंद तोंडाची चिनी मातीची बरणी आणि वर फक्त मलमल (चिलटं आत जाता कामा नयेत). त्यांना मानवतं ते तापमान २८ ते ३० अंशांचं. आखाजीच्या सुमारास जळगावात पारा ४३ वर. पाककृती बहुतेक थंड मुलखातल्या असतात, त्यात ‘उबदार जागी ठेवा’ लिहिलेलं असतं. आपल्याकडे उबदार नसलेली जागा शोधून दाखवा! आम्ल १.९ टक्क्यांवर अडलं ते अडलंच. उष्म्याने जीवाणू मंदावतात आणि त्याच उष्म्याने अल्कोहोलही उडतं, दुहेरी तोटा.

उपाय जुनाच. बरणी पाण्याच्या परातीत, भोवती ओलं गोणपाट, जागा मोरीशेजारच्या बोळात. आपली कोरडी हवा इथे कामी आली: बाहेर ४२, बरणीत ३०. आठवड्याभरात पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरला. हा सेल्युलोजचा पडदा जीवाणूच विणतात आणि त्याच्या आधाराने हवेजवळ राहतात. तो हलवू नका, बुडला की नवा धरेपर्यंत वेग जातो.

आम्ल मोजायला पीएच पट्टी कुचकामी, टायट्रेशनच करा, म्हणजे रंग पालटेपर्यंत किती कॉस्टिक सोडा लागतो ते मोजा. रंग दाखवायला फिनॉल्फ्थॅलीन घालायचं, ०.१ नॉर्मल तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्याचा १ मिलि म्हणजे ०.००६ ग्रॅम अ‍ॅसिटिक आम्ल. काल २ मिलि नमुन्याला १०.३ मिलि लागलं, म्हणजे ३.१ टक्के. विकाऊ व्हिनेगरला किमान ३.७५ लागतं. मी विकणार नाही, पण त्याखाली कांदे मुरवायला घालणार नाही.

यापुढे मोजणी वरचेवर. अल्कोहोल संपलं की काही अ‍ॅसिटोबॅक्टर आम्लच खायला लागतात आणि आकडा पुन्हा घसरतो. चार टक्क्यांच्या आसपास गेलं की थोडं मूळ व्हिनेगर पुढच्या बरणीसाठी कच्चंच काढेन, उरलेलं ६५ अंशांपर्यंत तापवून काठोकाठ बाटल्यांत. ज्याला हे कच्चं विरजण हवं त्याने काचेची बाटली आणावी. अ‍ॅल्युमिनियमचा डबा नको, आम्ल त्याला खातं.